एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर बॅकअप: घेतलेला डेटा परत मिळेल याची खात्री कशी करायची

लॅपटॉपमधली जागा संपली की बहुतेक जण एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणतात, जुने फोटो आणि व्हिडिओ तिच्यात हलवतात, लॅपटॉपवरून ते काढून टाकतात आणि निर्धास्त होतात. कोणी विचारलं तर सांगतात, ‘माझ्याकडे बॅकअप आहे.’ पण तो बॅकअप नसतो. फोटो आधीही एकाच ठिकाणी होते आणि आताही एकाच ठिकाणी आहेत. फरक इतकाच, की आता ते टेबलावरून पडू शकणाऱ्या आणि प्रवासात विसरू शकणाऱ्या डिस्कवर आहेत.

माझ्या ओळखीच्या एका घरातले बाळाच्या पहिल्या तीन वर्षांचे सगळे फोटो असेच गेले. डिस्क जोडलेली होती, कोणाचा तरी पाय केबलमध्ये अडकला आणि डिस्क चालू असतानाच फरशीवर आपटली. नंतर ती जोडली की आतून फक्त टक-टक आवाज यायचा. त्या आईचा चेहरा मी विसरलेलो नाही, आणि तेव्हापासून जो कोणी विचारेल त्याला मी ही सगळी पद्धत पहिल्यापासून समजावून सांगतो.

सुरुवातीला स्वतःला एकच प्रश्न विचारा: ‘ही डिस्क या क्षणी बंद पडली, तर माझं काय जाईल?’ तुमच्याकडच्या प्रत्येक डिस्कबद्दल, लॅपटॉपच्या आतल्या डिस्कबद्दलसुद्धा, याचं उत्तर ‘काहीच नाही’ असं यायला हवं.

किती प्रती, कुठे

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ नियम आजही पुरेसा आहे. डेटाच्या एकूण ३ प्रती ठेवायच्या, त्या २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली १ दुसऱ्या जागी. घरच्या वापरासाठी मी याचा अर्थ असा लावतो: मूळ प्रत संगणकावर, दुसरी घरातल्या एक्स्टर्नल डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर. ही तिसरी प्रत क्लाउडवर असेल तर उत्तमच, नाहीतर नातेवाइकांकडे किंवा कामाच्या ठिकाणच्या कपाटात ठेवलेली दुसरी डिस्कही चालते. आग, चोरी किंवा पाणी शिरणं यात संगणक आणि शेजारी ठेवलेली डिस्क एकदमच जातात, म्हणून ही तिसरी प्रत टाळू नका.

एकच महागडी डिस्क घ्यायची की दोन साध्या, असं कोणी विचारलं तर मी दर वेळी दोन साध्या घ्यायला सांगतो. शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एखाद्या खेपेतला दोष दोन्हीत असण्याची शक्यता कमी होते.

आधी यादी करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर सर्वांत जास्त हळहळ याचीच होते. ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ सगळ्यांना आठवतात. ज्या गोष्टी आठवत नाहीत त्या अशा:

डेस्कटॉप आणि डाउनलोड्स. खरं काम कित्येकदा तिथेच पडलेलं असतं. थंडरबर्डसारख्या ईमेल प्रोग्रॅमची पत्रं लपवलेल्या प्रोफाइल फोल्डरमध्ये असतात. अकाउंटिंगचं किंवा दुकानाच्या बिलांचं सॉफ्टवेअर असेल, तर त्याचा डेटा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये नसून भलत्याच जागी असू शकतो. तो नेमका कुठे आहे हे सॉफ्टवेअर उघडून बघा, आणि त्यात स्वतःची बॅकअपची सोय असेल तर तिनेच बॅकअप घेऊन ती फाइल डिस्कवर ठेवा. चालू डेटाबेसची फाइल नुसती उचलून कॉपी केली, तर ती अर्धवट अवस्थेत जाऊ शकते.

जुने मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेले असतील, तर ते फॉन्टही बॅकअपमध्ये घ्या. फाइल सुखरूप राहिली तरी फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हं दिसतात. असे लेख आणि हस्तलिखितं असलेल्यांनी हे आजच करावं, कारण ते फॉन्ट पुन्हा शोधायला फार त्रास होतो.

आता क्लाउडचा एक फसवा भाग. वनड्राइव्हमध्ये फाइलच्या नावाशेजारी ढगाचं चिन्ह दिसत असेल, तर ती फाइल तुमच्या संगणकावर नाही. तिथे फक्त नाव आहे, मजकूर इंटरनेटवर आहे. मॅकवर फोटोंसाठी ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ चालू असेल तर मूळ फोटोंचंही तसंच होतं. म्हणजे हार्ड डिस्कवर घेतलेल्या बॅकअपमध्ये त्या फाइली येतीलच असं नाही. महत्त्वाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. मॅकच्या फोटोंमध्ये ‘डाउनलोड ओरिजिनल्स’चा पर्याय ठेवा. मोबाइलमधले फोटो संगणकावर उतरतच नसतील, तर तेही यादीत लिहा.

आणि हो, सिंक म्हणजे बॅकअप नाही. सिंकमध्ये तुम्ही इथे फाइल पुसली की तिथलीही पुसली जाते. क्लाउडच्या कचरापेटीत ती काही दिवस असते, पण त्या मुदतीत आपल्या लक्षात आलं तरच तिचा उपयोग.

डिस्क निवडताना

यादीतल्या फोल्डरांचा एकूण आकार काढा आणि त्याच्या दुप्पट ते तिप्पट क्षमतेची डिस्क घ्या. फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही ठेवायच्या असल्यामुळे इतकी जागा लागते. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. त्यात फसवणूक नाही. कंपनी १,००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या.

फिरत्या चकतीची डिस्क घ्यायची की चिपवर डेटा साठवणारी एसएसडी? प्रवासात रोज सोबत नेणार असाल तर एसएसडी, कारण तिच्यात हलणारा भाग नाही. वर्षभर कपाटात ठेवायची असेल तर मी चकतीवाली निवडतो. एसएसडीमधला डेटा विजेच्या भारावर टिकतो आणि वीज न मिळता पडून राहिल्यास तो भार हळूहळू ओसरतो. घरगुती एसएसडीने लेखनाची ठरलेली मर्यादा गाठली, की ३० अंश सेल्सिअसला विजेविना निदान १ वर्ष डेटा टिकावा, इतकीच मेमरी चिपची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. नवी एसएसडी त्याहून खूप जास्त काळ तग धरते, पण तिला कपाटात ठेवून विसरून जाणं बरं नाही.

अडीच इंची डिस्क यूएसबीवरच चालते. साडेतीन इंचीला वेगळा ॲडॅप्टर लागतो, पण ती मोठ्या क्षमतेत स्वस्त पडते. बऱ्याच अडीच इंची डिस्कमध्ये डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात, त्यामुळे सलग खूप लिहीत राहिलं की वेग अचानक कमी होतो. डिस्क बिघडली असं समजून घाबरू नका, तिला वेळ द्या.

अविश्वसनीय क्षमता अगदी किरकोळ भावात विकणारी, अनोळखी नावाची डिस्क घेऊ नका. अशा बनावट डिस्क संगणकाला खोटी क्षमता सांगतात, आणि खरी जागा संपल्यावर नव्या फाइली जुन्यांवर लिहितात किंवा सरळ टाकून देतात. कॉपी पूर्ण झाल्याचा संदेश येतो, आत मात्र काही नसतं. कोणतीही नवी डिस्क आली की विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ या मोफत साधनाने ती एकदा पूर्ण भरून तपासा. मोठ्या डिस्कला एक रात्र लागेल, पण या तपासणीत दोषी डिस्क बदलून घेण्याच्या मुदतीतच उघडी पडते.

डिस्क तयार करणं

फॉरमॅट आधी ठरवा, कारण फॉरमॅट केलं की आतलं सगळं पुसलं जातं. फक्त विंडोजसाठी एनटीएफएस घ्या. फक्त मॅकसाठी एपीएफएस, आणि ते मॅकमधलं बॅकअपचं साधन टाइम मशीन स्वतःच करून घेतं. दोन्हीकडे वापरायची असेल तर एक्सफॅट चालतं, पण एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे होणाऱ्या बदलांची आगाऊ नोंद, नसतं, त्यामुळे लिहिता लिहिता केबल निघाली तर फाइलींची रचना बिघडण्याचा धोका जास्त. मुख्य बॅकअपसाठी मी ते वापरत नाही. फॅट३२ तर नकोच, कारण त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही.

डिस्कला ठळक नाव द्या: ‘बॅकअप-अ’, ‘बॅकअप-ब’. तेच नाव वर चिकटपट्टीवर लिहा आणि वापर सुरू केल्याची तारीखही लिहा. या डिस्कवर सिनेमे किंवा इतर सामान ठेवू नका. ही डिस्क सगळ्यांच्या हातात फिरायला लागली की ती बॅकअपची राहत नाही.

आता एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय डेटा वाचता येऊ नये अशी सोय. तुमच्या आयुष्यातली सगळी कागदपत्रं हातात मावणाऱ्या वस्तूत आहेत, ती हरवली तर सापडणाऱ्याने उघडू नये. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, मॅकवर टाइम मशीन सुरू करतानाच तो पर्याय मिळतो, लिनक्सवर लक्स. विंडोज होममध्ये बाहेरच्या डिस्कवर बिटलॉकर चढवता येत नाही, तिथे व्हेराक्रिप्ट हे मोफत साधन वापरा. बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की देतो. ती आणि पासवर्ड कागदावर लिहून महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. ज्या लॅपटॉपचा बॅकअप घेताय त्याच लॅपटॉपवर ही रिकव्हरी की ठेवणं म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार लावून घेणं. पासवर्ड विसरण्याची भीती खरोखरच मोठी असेल, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी, तर डिस्क एन्क्रिप्ट न करता कुलपात ठेवणं जास्त शहाणपणाचं.

बॅकअप सुरू करणं

विंडोज: डिस्क जोडा. कंट्रोल पॅनेल उघडून ‘सिस्टिम अँड सिक्युरिटी’मध्ये ‘फाइल हिस्टरी’वर जा. डिस्क दाखवत असेल तर ‘टर्न ऑन’ दाबा. ‘अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये दर किती वेळाने प्रत घ्यायची आणि जुन्या आवृत्त्या किती काळ ठेवायच्या हे ठरवता येतं. मूळ सेटिंग दर तासाची आणि कायम ठेवण्याची असते, तीच राहू द्या, जागा कमी पडू लागली तरच मुदत घाला. फाइल हिस्टरी डेस्कटॉप आणि विंडोजच्या ‘लायब्ररी’तले (डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे) फोल्डर घेते. दुसऱ्या पार्टिशनवरचं कामाचं फोल्डर आपोआप येत नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ते लायब्ररीत घाला. विंडोज ११ मध्ये हा पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत दडलेला आहे. या सोयीचं मला आवडलेलं वैशिष्ट्य असं, की डिस्कवर फाइली साध्या रूपात असतात, नावापुढे फक्त तारीख-वेळ जोडलेली असते. उद्या फाइल हिस्टरीच नाहीशी झाली तरी कोणत्याही संगणकावर त्या उघडतील.

पूर्ण संगणक, प्रोग्रॅमसकट, जसाच्या तसा उभा करायचा असेल तर सिस्टिम इमेज लागते. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘बॅकअप अँड रिस्टोर (विंडोज ७)’ या जुन्या नावाच्या जागी ती अजून मिळते. घरच्या वापरात मी तिला दुय्यम मानतो. प्रोग्रॅम पुन्हा टाकता येतात, फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

मॅक: २००७ पासून असलेलं टाइम मशीन हे सर्वसामान्य माणसासाठी सगळ्यात कमी कटकटीचं साधन आहे. ‘सिस्टिम सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘टाइम मशीन’, ‘अॅड बॅकअप डिस्क’. ते २४ तासांतल्या तासागणिक प्रती, महिन्याभराच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याच्या प्रती ठेवतं. डिस्क भरली की सर्वांत जुन्या प्रती काढतं. दोन डिस्क दिल्यात तर आळीपाळीने दोन्हीवर लिहितं.

लिनक्स: डेजा डूप सोपं आहे. कमांडची सवय असेल तर रेस्टिक किंवा बॉर्ग घ्या, दोन्ही एन्क्रिप्शन आणि आवृत्त्या स्वतः सांभाळतात. टाइमशिफ्ट मुख्यतः सिस्टिमसाठी आहे. मूळ सेटिंगमध्ये ते तुमची होम फोल्डरमधली कागदपत्रं वगळतं, हे कित्येकांना गरज पडल्यावरच कळतं.

‘मिरर’ करणाऱ्या साधनांबद्दल एक कळकळीची सूचना. रोबोकॉपी किंवा आरसिंकचा मिरर प्रकार मूळ फोल्डरसारखंच हुबेहूब चित्र डिस्कवर करतो. म्हणजे मूळ जागेवर चुकून पुसलेली फाइल पुढच्या वेळी डिस्कवरूनही पुसतो. दिशा उलटी दिली तर रिकामी डिस्क भरलेल्या फोल्डरवर चढते. जुन्या आवृत्त्या ठेवणारं साधन असताना हा धोका पत्करू नका.

पहिला बॅकअप वेळखाऊ असतो. ५०० जीबी डेटा सेकंदाला १०० एमबी वेगाने गेला तरी सुमारे दीड तास लागतो, आणि हजारो बारीक फाइली असतील तर त्याच्या कितीतरी पट. डिस्क चुकून यूएसबी २ च्या खाचेत लावली असेल तर वेग साधारण ३५ एमबीवर येतो आणि तेच काम चार तासांवर जातं. यूएसबी ३ ची खाच बऱ्याचदा आतून निळी असते. लॅपटॉपला चार्जर लावा, स्लीप बंद करा आणि डिस्क सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवा, केबल पायात येणार नाही अशी.

काम झालं की काढून ठेवा

कायम जोडलेली डिस्क सोयीची असते, पण फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरला ती आयतीच सापडते. २०१७ च्या मे महिन्यात पसरलेल्या वॉनाक्रायने संगणकात बसवलेल्या डिस्कबरोबर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद केल्या. विजेचा झटका आला तरी दोन्ही एकदम जातात. म्हणून मी हा क्रम पाळतो: ‘बॅकअप-अ’ दर आठवड्याला एका ठरलेल्या वारी जोडायची, काम पूर्ण झाल्याचं बघायचं, ‘इजेक्ट’ करायची, चकती थांबेपर्यंत काही सेकंद थांबायचं आणि मगच उचलायची. ‘बॅकअप-ब’ घराबाहेर असते आणि महिन्यातून एकदा दोघींची अदलाबदल होते. त्यामुळे दोन्ही डिस्क कधीच एका वेळी संगणकाला जोडलेल्या नसतात. ज्यांचं रोजचं काम संगणकावर आहे त्यांना आठवडा फार झाला, त्यांनी रोज संध्याकाळी जोडावी.

इजेक्ट न करता उपटू नका. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ (डिस्क चटकन काढता यावी म्हणून लिहिणं मागे न ठेवण्याचं) हे मूळ धोरण आहे आणि त्यामुळे धोका कमी झालाय, पण लिहिणं चालू असताना केबल ओढली तर ते धोरण तुम्हाला वाचवणार नाही.

परत मिळवून बघा

इथवर केलेलं सगळं खरं ठरतं की नाही, ते याच पायरीवर कळतं. महिनोन्‌महिने हिरवी खूण दाखवणारा बॅकअप उघडायला गेल्यावर अर्धा रिकामा निघालेला मी पाहिला आहे. फोल्डरची जागा बदलली होती आणि साधन जुन्याच, आता रिकाम्या झालेल्या फोल्डरची इमानेइतबारे प्रत घेत होतं.

पाच फाइली निवडा: एक अगदी जुना फोटो, एक मोठा व्हिडिओ, रोज बदलणारी एखादी हिशोबाची फाइल, देवनागरी नावाची एक फाइल, आणि फोल्डरच्या आत फोल्डर अशा सर्वांत खोल जागी असलेली एक. त्या बॅकअपमधून परत आणा, पण मूळ जागी नको. नवं ‘तपासणी’ फोल्डर करून त्यात आणा, नाहीतर आजची फाइल जुन्या प्रतीने पुसली जाईल. फाइल हिस्टरीत ‘रिस्टोर पर्सनल फाइल्स’मधून ‘रिस्टोर टू’ निवडा. टाइम मशीनमध्ये मेन्यू बारवरच्या घड्याळाच्या चिन्हातून मागच्या तारखेला जा. मग प्रत्येक फाइल उघडा. व्हिडिओ शेवटच्या मिनिटापर्यंत ओढून बघा, कारण अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओ सुरुवातीला व्यवस्थित चालतो. हिशोबाच्या फाइलची मागच्या आठवड्यातली आवृत्ती मिळते का तेही बघा.

त्यानंतर डिस्क दुसऱ्याच कोणाच्या तरी संगणकाला जोडा. तुमचा लॅपटॉप चोरीला गेला असं समजून चाला. पासवर्ड आठवतो का? रिकव्हरी की कुठे ठेवली आहे? बॅकअप उघडायला लागणारं सॉफ्टवेअर तिथे मिळतं का? घरातल्या आणखी एका माणसाला हे सगळं करता येतं का, तेही बघा. आजारपणात ही वेळ दुसऱ्यावरच येते.

हे दर तीन महिन्यांनी करा. ३१ मार्चला जागतिक बॅकअप दिन असतो, तिथून मोजणी सुरू केली तर लक्षात राहतं.

डिस्क आजारी पडते तेव्हा

डिस्कमधलं वाचणारं टोक चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं आणि चकती बऱ्याचदा मिनिटाला ५,४०० फेरे घेते. त्यामुळे चालू डिस्कला बसलेला धक्का बंद डिस्कपेक्षा कितीतरी जास्त घातक. उन्हात तापलेल्या गाडीत डिस्क ठेवू नका. दमट हवेत सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवा.

विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि इतरत्र स्मार्टसीटीएल (smartctl) ही साधनं डिस्कची आतली नोंद दाखवतात. त्यातले ‘रिअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि संशयास्पद जागांचे, आकडे बघा. शून्य असावेत. शून्याच्या वर जाऊन वाढत राहिले तर नवी डिस्क मागवा. आकडे चांगले असले तरी डिस्क ठणठणीत आहे असं समजू नका, काही डिस्क कसलीही सूचना न देता जातात. म्हणून पाचेक वर्षं झालेली डिस्क मी मुख्य बॅकअपवरून निवृत्त करतो.

टक-टक आवाज येऊ लागला, तर ताबडतोब बंद करा. पुन्हा पुन्हा जोडून बघू नका, दुरुस्तीची कमांड चालवू नका, डिस्क उघडू नका, आणि फ्रीजमध्ये ठेवण्याचा ऐकीव उपाय मुळीच नको. दर वेळी जोडताना टोक चकतीला आणखी खरवडत असू शकतं. दुसरी प्रत असेल तर ही डिस्क बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी नवी आणून बॅकअप घ्या, कारण आता तुमच्याकडे एक प्रत कमी आहे. दुसरी प्रत नसेल आणि डेटा मोलाचा असेल, तर ती बंद ठेवून थेट डेटा रिकव्हरीच्या तज्ज्ञाकडे न्या.

नवी डिस्क आल्यावर जुनी, अजून चालणारी डिस्क लगेच पुसू नका. नवीवरचा पहिला बॅकअप पूर्ण होऊ द्या, त्यातून पाच फाइली परत आणून उघडा, मगच जुनी पुसा. एन्क्रिप्ट केलेली असेल तर फॉरमॅट पुरे. नसेल तर क्विक फॉरमॅटवर थांबू नका, ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा.